६१७४ : एका शाळामास्तरांनी शोधलेली संख्या



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय म्हणून नुसता एक आकडा छापलेला पाहून अनेकांस नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून इतिहास, नाट्य आणि राजकारण यांवर बोलावयाचे, तेथे एका संख्येवर तासभर काय बोलणार? ही शंका रास्त आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती विद्वानांपुरते असलेले ज्ञान गावात यावे म्हणून. आमचा आजचा विषय तर मुळातच गावात जन्मलेला आहे. तो कोणा विद्यापीठातून निघाला नाही. नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांच्या वहीतून निघाला. आणि तो समजावयास वजाबाकी येत असली म्हणजे पुरे.

प्रथम कृती सांगतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडावेत, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडावेत, आणि पहिल्यातून दुसरी संख्या वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच कृती करावी. उत्तरात शून्य आले तर ते गाळावयाचे नाही, तोही एक अंक धरावयाचा. एवढाच नियम.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीता स्वयंवर’ नाटक केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. १८४३ चे अंक उतरते मांडले की ८४३१, चढते मांडले की १३४८. वजाबाकी ७०८३. आता ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणखी एकदा करू: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! येथे संख्या थांबली. आता कितीही वेळा करा, ती हलत नाही.

साताऱ्याचे एक साल घेऊ. १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. ८८४१ वजा १४८८, म्हणजे ७३५३. ७५३३ वजा ३३५७, म्हणजे ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. नाटकाचे साल असो की राज्य बुडाल्याचे साल असो, मुक्काम तोच.

ही गोष्ट ज्यांनी प्रथम पाहिली त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. आई ते आठ वर्षांचे असतानाच वारली. वडील कारकून होते आणि त्यांस ज्योतिषाचा नाद होता, म्हणजे आकडेमोड घरातच होती. शालेय शिक्षण ठाण्यास झाले आणि पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्‌सी. झाले, १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिकवू लागले आणि १९६२ साली तेथूनच निवृत्त झाले. १९८६ मध्ये ते वारले. पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली नव्हती.

त्या काळी गणितात नाव काढावयाचा राजमार्ग निराळा होता. आपल्या साताऱ्यात जन्मलेले ग. स. महाजनी त्या मार्गाने गेले. केंब्रिजहून रँग्लर होऊन आले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्या मार्गाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कापरेकर त्या मार्गाचे वाटसरू नव्हते. दिवसा वर्ग घ्यावयाचे आणि उरलेल्या वेळी अंकांशी खेळावयाचे, असा त्यांचा क्रम होता. १९४६ साली त्यांस ६१७४ चा हा गुण आढळला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९५५ मध्ये अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तो छापून आला. तरीही आपल्याकडील व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांच्या कामाची फारशी गंभीर दखल घेतली नाही. पुष्कळसे लेखन त्यांनी लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच प्रसिद्ध केले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगभर त्यांचे नाव झाले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते.

आता प्रश्न असा की, ही दखल न घेणे चूक होते की बरोबर? गावातल्या हौशी माणसाच्या कामाची किंमत कशी करावयाची, हा त्यातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भावनेने न देता गणितानेच द्यावे, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी प्रथम एक गंमत सांगतो. सांगली हे नाव ‘सहा गल्ली’ यावरून आले असे लोक म्हणतात. साताऱ्याच्या नावाची एक उपपत्ती किल्ल्याच्या ‘सतरा’ तटबुरुजांवरून लावतात. आता ६१७४ लिहा: आरंभी सहा, मग सतरा, आणि शेवटी चार, चार अंकी संख्या म्हणून चार! एवढ्यावर थांबू नका. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ चा. त्याचे अंक मांडले की ७६४१ वजा १४६७, आणि एकाच पावलात ६१७४. एखाद्यास वाटेल की यात काही दैवी संकेतच आहे.

आम्ही सांगतो, काही नाही. याच चार अंकांची १६४७, १७४६ आणि १७६४ ही सालेही आहेत, आणि तीही एका पावलात तेथेच पोचतात. त्यांतून आपण १६७४ तेवढे वेचले, कारण ते आपल्या हृदयाजवळचे. शिवाय राज्याभिषेक जसा इसवी सन १६७४ मध्ये झाला तसाच तो शके १५९६ मध्ये झाला. शकाचा आकडा घ्या: ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२, ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२, मग ६१७४. आता तीन पावले लागली! प्रसंग तोच, पंचांग बदलले आणि चमत्कार गेला. याचा अर्थ तो चमत्कार प्रसंगाचा नव्हता, आपण निवडलेल्या मोजणीचा होता. योगायोगाची खूण हीच, की तो पाहिजे ते वेचतो आणि नको ते सोडतो.

परंतु नेमका हाच आक्षेप कापरेकरांवर घेता येतो, आणि तो घेणारी माणसे लहान नव्हती. रामानुजनांना ज्यांनी ओळखले त्या हार्डी यांनी १९४० साली आपल्या गणितविषयक आत्मनिवेदनात अशा अंकवैचित्र्यांची थट्टा केली आहे. त्यांनी दिलेले एक उदाहरण ८७१२ चे आहे. ही संख्या उलटी लिहिली की २१७८ होते, आणि २१७८ ची चौपट बरोबर ८७१२. हार्डींचे म्हणणे असे की, ही कोडी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यास शोभतील, पण गणितज्ञाला मोहवील असे त्यांत काही नाही. का? तर हे गुण संख्येचे नव्हेत, ती दहाच्या पद्धतीत लिहिल्याचे आहेत. हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहांनी मोजतो. आठ असती तर आठांनी मोजले असते आणि ही सारी वैचित्र्ये बदलली असती. पंचांग बदलले की योगायोग गेला, तसेच हे.

आक्षेपात तथ्य आहे. तेव्हा ६१७४ हा योगायोग आहे की नियम आहे, हे तपासले पाहिजे.

आधी एवढे लक्षात घ्या की, चार अंकी संख्या मोजक्या आहेत. पुढची शून्ये धरून दहा हजार, त्यांतून एकाच अंकाच्या दहा वगळल्या तर ९९९०. या प्रत्येकीपासून पुढे जावयास एकच वाट आहे. समजा, एका गावात मोजकेच चौक आहेत आणि प्रत्येक चौकातून बाहेर पडावयास एकच गल्ली आहे. तेथे चालत राहिलेला माणूस कधी ना कधी आधी येऊन गेलेल्या चौकात पुन्हा येणारच, आणि मग त्याच फेऱ्यात फिरत राहणार. म्हणून कोठे तरी फेरा पडणे यात आश्चर्य नाही. आश्चर्य हे की सगळ्या गावाचा फेरा एकाच चौकात संपतो.

दोन अंकी संख्यांचे तसे होत नाही. २१ घ्या: २१ वजा १२ म्हणजे ०९, मग ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. पाच जणांची फुगडी चालू राहते, कोणी थांबत नाही. तीन अंकींचा मुक्काम ४९५ वर होतो. पाच अंकींत थांबणारी संख्याच नाही. तेथे तीन निरनिराळे फेरे आहेत. सहा अंकींत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत आणि शिवाय एक फेराही आहे. म्हणजे चार अंकींत जे घडते ते घडलेच पाहिजे असे नव्हते.

मग ते घडते कसे? सबंध ९९९० संख्या तपासावयास हव्यात काय? नाही. वजाबाकीकडे जरा बारकाईने पाहा. सर्वांत मोठा अंक वरच्या ओळीत हजारांच्या घरात असतो आणि खालच्या ओळीत एककाच्या घरात. म्हणून त्याचा हिशेब हजार उणे एक, म्हणजे ९९९ पटीने होतो. सर्वांत लहान अंकाचे बरोबर उलटे. मधल्या दोन अंकांचा हिशेब शंभर उणे दहा, म्हणजे ९० पटीने होतो. तेव्हा उत्तर काढावयास दोनच गोष्टी पुरतात: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतला बाहेरचा फरक, आणि मधल्या दोन अंकांतला आतला फरक. बाहेरच्या फरकाला ९९९ ने गुणा, आतल्याला ९० ने गुणा, आणि बेरीज करा.

बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकीच असणार, आणि आतला फरक बाहेरच्याहून मोठा असू शकत नाही. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, असे दोन प्रकार; बाहेरचा २ असेल तर तीन प्रकार; याप्रमाणे बाहेरचा ९ असेल तर दहा. दोनपासून दहापर्यंत बेरीज केली की ५४ होते. ९९९० संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत अशी ५४ जणांवर येते! हे ५४ हिशेब एका रात्रीत होतात. ते केले की दिसते की स्थिर राहणारी जोडी एकच: बाहेरचा फरक ६, आतला २. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, त्यात १८० मिळवले की ६१७४. उरलेल्या साऱ्या जोड्या तेथेच येऊन मिळतात, आणि कोणत्याही संख्येला सातपेक्षा अधिक पावले लागत नाहीत.

हे मिळणे कसे होते तेही पाहू. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच साली सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय निघाले. ९९११ वजा ११९९, उत्तर ८७१२. हार्डींनी थट्टा केलेली तीच संख्या! दुसरे साल १९४२ घ्या, ज्याच्या चळवळीतून पुढे साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले. ९४२१ वजा १२४९, उत्तर ८१७२. दोन्ही उत्तरांतले अंक तेच आहेत, म्हणून पुढची वाट एकच: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. दोघांनाही सहा पावले लागली. माहुलीस वेण्णा कृष्णेला मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, हरिपुरास वारणा मिळते. संगमाच्या खाली कोणते पाणी कोठले हे सांगता येत नाही. या संख्यांचे तसेच आहे. चार अंकी संख्यांचे सगळे ओढेनाले वाटेत मिळत मिळत एकाच ठिकाणी जातात.

आता योगायोगात आणि यात काय भेद आहे ते स्पष्ट होईल. योगायोग संख्या वेचतो. हा नियम कोणालाही सोडत नाही. शके घ्या, इसवी सन घ्या, मोटारीचा क्रमांक घ्या. राज्याभिषेकाच्या दोन आकड्यांची पावले निराळी पडली, पण मुक्काम टळला नाही. आम्ही सोयीची साले निवडली असा संशय असेल तर श्रोत्यांनी आपली निवडावीत.

राहिला दहा बोटांचा आक्षेप. पद्धत बदलली की ६१७४ जाते हे खरे. पण प्रश्न जात नाही! उलट तो मोठा होतो: कोणत्या पद्धतीत असे एकच स्थान असते आणि कोणत्या पद्धतीत नसते? पाचांच्या पद्धतीने मोजले तर ३०३२ ही संख्या तेच काम करते. तेथे फरकांच्या जोड्या अवघ्या चौदा आहेत आणि चौदाही तेथेच जातात. १९७८ साली हेल्मुट हासे आणि प्रिचेट यांनी जर्मनीतील क्रेल यांच्या सुप्रसिद्ध गणितनियतकालिकात, चार अंकांसाठी अशी स्थाने कोणकोणत्या पद्धतींत मिळतात, याचा संपूर्ण निर्णय दिला. हासे हे विसाव्या शतकातील संख्याशास्त्राच्या थोर आचार्यांपैकी एक. देवळालीच्या मास्तरांचा प्रश्न त्यांनी आपल्या योग्यतेचा मानला, आणि कापरेकरांच्या हयातीतच मानला. हार्डींच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर आम्हांस माहीत नाही. वैचित्र्य दिसणे हा गणिताचा शेवट नव्हे हे हार्डींचे म्हणणे खरे. पण तो पुष्कळदा आरंभ असतो, हेही तितकेच खरे.

या संख्येचे आणखी दोन गुण सांगून आटोपते घेतो. ६१७४ चे अवयव पाडले तर एकदा दोन, दोनदा तीन आणि तीनदा सात मिळतात. तिच्या अंकांची बेरीज १८. तिने भाग दिला की बरोबर ३४३, म्हणजे साताचा घन, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव ठेवले होते. तेव्हा त्यांची स्वतःची संख्या हर्षद निघावी हे योग्यच झाले. शिवाय १८, त्याचा वर्ग ३२४ आणि त्याचा घन ५८३२ यांची बेरीज केली तरी ६१७४ च येते. मात्र या गोष्टी पहिल्या नियमाच्या तोलाच्या नाहीत, हे आता आपण स्वतःच ओळखाल. त्या एका संख्येविषयी आहेत. पहिला नियम सर्वांविषयी आहे.

आता आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते सांगतो. आपल्या गावांतून व्याख्याने पुष्कळ होतात, आणि आपण ती आस्थेने ऐकता. पण विज्ञानाविषयी ऐकताना आपण बहुधा विश्वासावर ऐकतो. चंद्राचे अंतर किंवा अणूचे वजन वक्त्याने सांगावे आणि आपण मान डोलवावी. पडताळा पाहावयाचे साधन आपल्यापाशी नसते. ६१७४ चे तसे नाही. येथे शोध लावणाऱ्याजवळ जे साधन होते तेच, म्हणजे एक पेन्सिल आणि एक वही, श्रोत्याजवळ आहे. ज्यास वजाबाकी येते त्यास या नियमाचा संपूर्ण पुरावा स्वतःच्या हाताने मिळवता येतो; कोणाचा शब्द प्रमाण मानावा लागत नाही. लहान गावातल्या शिक्षकाने लहान गावातल्या मुलांना याहून मोलाचे काय द्यावे? पदवी नसलेल्या माणसाचे म्हणणे खरे की खोटे हे त्याच्या पदवीवरून ठरवावयाचे नसते, ५४ वजाबाक्या करून ठरवावयाचे असते. कापरेकरांच्या बाबतीत ज्यांनी ते केले नाही, त्यांनी कापरेकरांचे जेवढे नुकसान केले त्याहून स्वतःचे अधिक केले.

येथे बसलेल्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, हे उत्तर वर्गात आयते सांगू नये. मुलांना आपापली जन्मसाले घेऊ द्यावीत आणि सगळे एकाच जागी कसे आले याचे नवल त्यांचे त्यांना वाटू द्यावे. ‘का?’ हा प्रश्न त्यांच्याकडून आला म्हणजे ५४ जोड्यांची वही उघडावी. कापरेकरांच्या स्वतःच्या जन्मसालाला, १९०५ ला, पुरी सात पावले लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. १९४९ सालीही सातच पावले पडतात. त्या साली त्यांनी आपला शोध मद्रासेस मांडला, आणि त्याच साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला. त्या दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्या १९६० ला किती पावले लागतात, ते मात्र आम्ही सांगत नाही. ते आपण घरी जाऊन पाहावे.